समाधानच्या नावावर

९ फेब्रुवारी, रविवार

आणि परत तेच. "दादा, तू माझं नाव वापरलंस." वापरलंस म्हणजे काय? ते काय चप्पल आहे? पाचेक वर्षांपूर्वी आयटीआयचं सर्टिफिकेट, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो त्यानंच पिशवीत घालून दिले होते. भूमच्या स्टँडवर मला एसटीत बसवायला आला होता. "तू जा, आईपाशी मी आहे," म्हणला होता. आता फोनवर आवाज चढवतो. मीपण चढवला. मग आईनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणली, "एक सदरा दोघांनी घातला की उसवणारच. भांडून शिवला जातोय का?"

लॉकडाऊन उठल्यावर चाकणला ठेकेदाराला वेल्डर पाहिजे होते, आयटीआयवाले. सर्टिफिकेट माझ्या धाकट्या भावाकडं, समाधानकडं. पण आईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, एक जण घरी पाहिजे होता. मी घरी टिकत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. नववी नापास झाल्यापासून तीनदा पळून गेलो. एकदा सोलापूरला, एकदा हैदराबादला, एकदा नुसताच. मग असं ठरलं की कागद समाचे जातील आणि कागदांबरोबर मी जाईन. तोंडं आमची सारखी, आणि झेरॉक्समध्ये तर सगळेच काळे. वेल्डिंग मी इथं येऊन शिकलो. आज लाईनवर माझ्याइतका साफ हात कुणाचा नाही, हे सुपरवायझर पण कबूल करतो.

तर चाकणमध्ये मी समाधान आहे. हजेरीत, पीएफमध्ये, पगाराच्या खात्यात, खोलीच्या करारात. ही डायरी ठेकेदारानं दिवाळीला मिठाईच्या ऐवजी वाटली. हिच्या पहिल्या पानावर तेवढं ज्योतीराम लिहिलंय.

चोरलं नाही मी. दिलेलं घेतलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. आकुर्डीला विजयश्री मॅडमच्या ऑफिसात गेलो. त्या परदेशी माणसं पाठवतात. समानं त्यांच्याकडं क्रोएशियाला जायला नाव दिलंय. तिथं बंदरावर जहाजं बांधायचा कारखाना आहे, त्यांना वेल्डर पाहिजेत. समा गेली पाच वर्षं भूमला शेडच्या दुकानात वेल्डिंग करतो, हात त्याचाही बरा आहे. पण त्याचं घोडं अडलंय, आणि माझ्यामुळं अडलंय म्हणतो. खरं काय ते बघायला गेलो.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"समाधानचा भाऊ."

"नाव?"

मी म्हणलं, "ज्योतीराम." पाच वर्षांत या बाजूला पहिल्यांदाच तोंडातून निघालं. भातात खडा लागावा तसं वाटलं.

मॅडम चांगल्या आहेत, समजावून सांगतात. म्हणल्या, "तिकडं राहायचा परवाना आणि कामाचा परवाना एकच असतो. तिकडचा मालक तिथल्या पोलिसांकडं अर्ज टाकतो. परवाना निघाला की मग व्हिसा. त्यामुळं मालक कागद बारकाईनं बघतो. तुमच्या भावानं पत्र आणलंय की मी पाच वर्षं भूमला कामाला आहे. आणि हे बघा." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. पीएफचा उतारा होता. समाधान, चाकण, नोव्हेंबर २०२० पासून. "हा माणूस चाकणलाही आहे आणि भूमलाही आहे. दोन्हीकडं हजर असायला हा काय देव आहे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

रांजणगावच्या एका कंपनीनं पण त्याला मागच्या वर्षी याच कारणानं परत पाठवला होता म्हणे. तुमचा पीएफ दुसरीकडं चालू आहे म्हणून. हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"आता एकच रस्ता आहे," मॅडम म्हणल्या. "भूमचं पत्र विसरा. चाकणचं अनुभवाचं पत्र आणा, नोकरी सोडल्याच्या तारखेसकट. मोठ्या कंपनीतलं काम बघून मालक खूशच होईल. पण सोडलेली पाहिजे. परवाना तिकडं आणि हजेरी इकडं, असं चालणार नाही. बारा जणांची यादी वीस मार्चला जाणार आहे. त्याच्या आत आणा."

म्हणजे समाला जायचं तर चाकणच्या समाधाननं नोकरी सोडायची. आणि चाकणचा समाधान मी.

स्टेशनवर उभा राहून फोन लावला. म्हणलं, "सोडतो की. त्यात काय एवढं."

बोलायला सोपं वाटलं. लोकल आली तरी मी तिथंच उभा होतो.

१९ फेब्रुवारी

नाईट होती, डोळे चरचरताहेत. पीएफमध्ये काहीतरी बदलायचं होतं, ओटीपी समाच्या फोनवर गेला. पाच वर्षं आमचं बोलणं ओटीपीनंच सुरू होतं. मी म्हणायचं "आला का रे?" त्यानं सहा आकडे सांगायचे. मग जेवलास का, आईची कंबर कशी आहे. आज आकडे सांगून झाल्यावर म्हणला, "दादा, मी तिकडं गेल्यावर ओटीपी कसं सांगायचं?"

मी म्हणलं, "मी समाधान राहणारच नाही तर ओटीपी कशाला लागतोय?"



आईला क्रोएशिया म्हणता येत नाही. क्रोशा म्हणते. "तिथं काय तोरणं विणत्यात का?" विचारत होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र मिळालं. कुलदीपनं दिलं. कुलदीप म्हणजे ठेकेदाराचा क्लार्क, सगळ्यांची गुपितं त्याच्या कपाटात. त्याला माझं पहिल्यापासून माहीत आहे. म्हणतो, "राव, या लाईनवर निम्मे लोक दुसऱ्याच्या कागदांवर आहेत. हजेरी घेताना मला दत्तविधान केल्यासारखं वाटतं."

पत्रात लिहिलंय की समाधान यांनी नोव्हेंबर २०२० पासून ३१ मार्च २०२५ पर्यंत वेल्डर म्हणून काम केले, ते स्वखुशीने नोकरी सोडत आहेत व त्यांची वर्तणूक चांगली आहे. मी राजीनाम्यावर सही केली. समाधान. ही सही मला इतकी बसलीय की डोळे मिटून येते.

समाला उद्या सांगतो. आज आवाज बरोबर निघायचा नाही.

१ मार्च, शनिवार

आज काय झालं ते लिहितो. लिहून कळतंय का बघू.

सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरनं यादी वाचली. ठेक्यातल्या अकरा जणांना कंपनी आपल्या रोलवर घेणार. परमनंट. सातवं नाव समाधान.

आम्हाला दर सात महिन्यांनी ब्रेक देतात. पंधरा दिवस घरी बसवायचं, मग नव्यानं भरती, नवा पास. पाच वर्षांत मी सात वेळा नवा झालो. जुना कधीच झालो नाही. आज लोकांनी पाठीत गुद्दे घातले, कँटीनमध्ये कुणी मला माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "समाधान, पार्टी पायजे भावा." मला नीट हसतासुद्धा आलं नाही, आणि लोकांना वाटलं आनंदानं झालंय.

सुट्टी झाल्यावर कुलदीपकडं गेलो. राजीनामा थांबव म्हणलं.

"आणि पत्र?"

"असू दे माझ्याकडं."

"भावा, नीट ऐक. ते पत्र बाहेर गेलं की इकडं तू संपलास. आणि इकडं राहिलास की ते पत्र रद्दी. दोन्ही ठेवता येत नाही."

"चार दिवस दे."

त्यानं राजीनामा ड्रॉवरमध्ये टाकला. मी पत्राचं पाकीट पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं.

समाचा फोन आला तेव्हा मी म्हणलं, "साहेब सुट्टीवर आहेत. सही व्हायचीय."

चार दिवसांनी काही बिघडत नाही. वीस तारीख लांब आहे.

५ मार्च, बुधवार

समा आला. उद्या भोसरीला त्याची ट्रेड टेस्ट आहे, म्हणजे वेल्डिंग करून दाखवायचं. आईनं शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि माझ्यासाठी एक पांघरूण पाठवलंय. पाठीला पिशवी, हातात पिशवी. वाळलाय.

शालनमावशी ओट्यावर बसल्या होत्या. खोली त्यांची, आजूबाजूच्या चाळी पण त्यांच्याच. शेतात प्लॉट पडले तरी अजून दारात म्हैस बांधतात. विचारलं, "ह्यो कोन रं समाधान?"

मी काय करणार? करारावर माझं नाव समाधान आहे. म्हणलं, "भाऊ माझा. ज्योतीराम."

समानं माझ्याकडं बघितलं. मग वाकून त्यांच्या पाया पडला. "व्हय रं ज्योतीराम, धाकला का थोरला?" "धाकटा, मावशी," तो म्हणला. तेवढं तरी खरं.

खोलीत आल्यावर हसला. "दादा, आता मी पळून जाऊ का सोलापूरला?"

मग पत्राचं विचारलं. मी म्हणलं, साहेब परवा येतील.

६ मार्च, गुरुवार

टेस्ट पास झाला. मी गेलो होतो बरोबर, गेटच्या बाहेर थांबलो. बाहेर आला तर कपाळावर चष्म्याचा वळ आणि तोंडभर हसू. परीक्षा घेणारा म्हणला म्हणे, हा हात शेड ठोकणाऱ्याचा वाटत नाही. वडापाव खाताना त्यानं मोबाइलवर बंदराचा फोटो दाखवला. निळं पाणी आणि काठावर अर्धं बांधलेलं जहाज. समानं आजवर समुद्र बघितलेला नाही. मला म्हणला, "सकाळी कामावर जायचं तर समुद्राच्या कडेनं जायचं. फुकट."

"खारट वारा असतो, लोखंड गंजतं," मी म्हणलं.

"म्हणून तर वेल्डर लागतात."

मला दुपारी ओव्हरटाइमला बोलावलं होतं म्हणून मी गेलो. तो खोलीवर एकटाच होता. रात्री आलो तर खोली लख्ख झाडलेली, भांडी उपडी, माझे कपडे धुऊन घड्या घालून पेटीत ठेवलेले. जेवताना जास्त बोलला नाही. टेस्टचा शीण असेल.

झोपताना म्हणला, "दादा, शालनमावशी सांगत होत्या, तू परमनंट होणार आहेस."

"बघू," मी म्हणलं. "यादीत नाव आहे."

"कुणाचं?"

मी झोपल्यासारखं केलं.

७ मार्च

सकाळच्या गाडीनं गेला. जाताना पत्राचं विचारलंच नाही. मला बरं वाटलं.

१२ मार्च

आज फोनवर पण विचारलं नाही. पासपोर्ट ऑफिसातून पोलिसांचा दाखला निघाला म्हणला, तेवढंच. मग मीच सांगितलं की साहेब आले पण शिक्का झिजलाय, नवा करायला टाकलाय. ज्यानं विचारलं नाही त्याला खोटं सांगायची काय गरज होती मला?

शालनमावशी म्हणतात, "तुझं नाव समाधान, आन जिवाला समाधान कसं न्हाई रं? सारखा उंबऱ्यात-भाईर उंबऱ्यात-भाईर."

१६ मार्च, रविवार

हिशोब मांडला मनाशी. पैशाचा नाही, माणसांचा. मी परमनंट झालो तर आईला इथं आणता येईल, कंपनीच्या कार्डावर दवाखाना होईल. समा पण चाकणला येईल. माझ्या नावावर काम करेल. ज्योतीराम हे नाव नाहीतरी रिकामंच पडलंय.

पण ज्योतीराम नववी नापास आहे. त्या नावावर समाला झाडू मिळेल फक्त. आयटीआय केलेल्या माणसाला.

मग त्याचं लग्न. दोन स्थळं आली होती, नोकरी कुठं विचारलं की आई गप बसते. हे मला मामानं सांगितलं, त्यानं नाही.

बरं, मला मिळालं तर मी त्याचंच बघणार आहे ना. माझ्या एकट्यासाठी थोडंच करतोय मी.

वरचं वाक्य परत वाचलं. खोडत नाही. राहू दे.

१९ मार्च, बुधवार

उद्या शेवटचा दिवस. पाकीट खिशात घालून कामावर गेलो. दुपारी सुटून आकुर्डीला जायचं, मॅडमच्या हातात द्यायचं, संपलं. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर आला. परमनंटवाल्यांचे कागद सोमवारी तपासणार, सगळ्यांनी दाढी करून या म्हणला. सगळे हसले. मीपण हसलो.

पाकीट घेऊन खोलीवर आलो. परत पेटीत ठेवलं.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर झोपलो. फोन बंद होता.

२१ मार्च

समाचा फोन. मॅडमनी त्याला कळवलं की त्याच्या जागी सोलापूरकडचा एक जण गेला. मी म्हणलं, "काय सांगू रे, शिक्काच आला नाही. या लोकांना काही पडलेली नाही."

"असू दे," तो म्हणला.

"मी भांडलो कुलदीपशी."

"असू दे दादा. तुझं सोमवारी आहे ना? दाढी करून जा."

दाढीचं त्याला कुणी सांगितलं? मी तर नाही, मी फक्त मावशींना बोललो होतो. कुणालाही सुचेल म्हणा.

२४ मार्च, सोमवार

अकरा जण ओळीत. टेबलावर छोटं मशीन. आधारचा नंबर टाकायचा आणि अंगठा ठेवायचा. हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं झेरॉक्सवर भागलं होतं.

ठेवला. लाल दिवा.

कुलदीप बाजूलाच उभा होता. म्हणला, "वेल्डरचा हात आहे साहेब, रेषा जळल्यात." दुसरा अंगठा ठेवला. लाल. साहेब चांगला माणूस होता. म्हणला, काळजी करू नका, दुपारी डोळ्याचं मशीन आणतो, त्यात होईल तुमचं.

कुलदीपनं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं. "डोळे तर जळले नाहीत ना तुझे? आत्ताच्या आत्ता नीघ. राजीनामा आहेच माझ्याकडं, महिनाअखेरपर्यंत रजा दाखवतो. दुपारपर्यंत थांबलास तर तू जाशील, मी जाईन, आणि ज्याचं नाव आहे तोही जाईल."

पाच वर्षांचा डबा, बूट आणि हातमोजे पिशवीत घातले. माझा वेल्डिंगचा चष्मा लाईनवरच राहिला. कुणाला भेटलो नाही.

खोलीवर येऊन पेटी उघडली. पाकीट ठेवलं होतं तिथंच, कपड्यांखाली. पण पेटीच्या तळाला नवा पेपर अंथरलेला, चारी कोपरे नीट दुमडलेले. सहा मार्चचा पेपर. मी पेपर घेत नाही. समानंच शालनमावशींकडून मागून आणून घातला असेल, सगळं बाहेर काढून, पुसून. आईची सवय त्याला आहे, कुठलीही पेटी दिसली की तळ झाडायचा. नशीब की पाकीट बंद होतं.

बंदच होतं का? मी चिकटवलं होतं की नुसतं दुमडलं होतं ते आता आठवत नाही.

२७ मार्च, गुरुवार

मॅडमनी पत्र वाचलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती, २८ फेब्रुवारी. त्यांनी त्या तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"बंदराची यादी गेली," त्या म्हणल्या. "आता आतल्या गावात एक कारखाना आहे, ट्रॉल्या बनवतात. तासाला पैसे थोडे कमी. तुमच्या भावाला विचारा, चालत असेल तर दहा एप्रिलला ही यादी जाईल."

मी विचारलं, "तिथं समुद्र आहे का?"

"समुद्राचं काय करायचंय तुम्हाला?"

समाला फोन केला. साहेबांची सही झाली एकदाची, म्हणलं. त्यानं विचारलं, "आणि तुझं?"

"माझं अंगठ्याला अडलं."

तो म्हणला, "वाईट झालं दादा." खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणला. त्यापेक्षा शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

अंगठा चालला असता तर मी ते पत्र दिलं असतं का? इथं कुणी वाचणार नाही तरी उत्तर लिहवत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

समा माझ्याकडं राहायला आलाय. परवाना निघेपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून पुनावळ्याला नव्या टॉवरमध्ये ग्रिल बसवायचं काम धरलंय. मामी आईपाशी आहे. सकाळी डबा तो करतो. मी कामं हुडकतो. रोज दोन-चार गेट फिरतो. शिक्षण? नववी नापास. अनुभव? पाच वर्षं वेल्डिंग केलंय आणि अनुभव शून्य. एकाला म्हणलं, हातात वेल्डिंगची गन तरी देऊन बघा. म्हणला, कागद दाखव, मग गन.

संध्याकाळी तो येतो, हाताला ग्रिलचा रंग. मी दिवसभर काय केलं हे विचारत नाही. गावाकडं मी असा त्याला कधी सांभाळला होता का, आठवून बघितलं. नाही.

२९ एप्रिल

कुरुळीजवळ एका शेडमध्ये हेल्परचं काम मिळालं. वेल्डरला पत्रा धरून द्यायचा. जॉइंट वाकडा जाताना दिसतो आणि गप राहायचं. पण फॉर्मवर नाव माझं. सही करायला सांगितली तर पेनातून 'स' निघाला. खोडलं. मालक म्हणला, स्वतःचं नाव येत नाही का? म्हणलं, येतं, सवय नाही.

पत्त्यासाठी शालनमावशींचं पत्र पाहिजे होतं, खऱ्या नावाचं. गेलो. म्हणलं, "मावशी, एक सांगायचंय. मी समाधान नाही. मी ज्योतीराम."

त्या म्हशीला पेंड घालत होत्या. मान वर केली नाही. "मंग त्यो?"

"तो समाधान."

"मला काय ठावं न्हाई व्हय? समाधान म्हून हाक मारली की आदी त्यो वळतो, मागनं तू. म्हाताऱ्या मानसाला येवढं बी कळत न्हाई का?" मग घमेलं खाली ठेवून म्हणल्या, "त्यानं एक शबूद काढला न्हाई रं तुझ्याबद्दल. आमी इतकं कोनाचं झाकत न्हाई."

१८ जून, बुधवार

परवाना आला. मॅडमनी मोबाइलवर पाठवला. समानं मला वाचायला दिला. परक्या भाषेत होता, पण नाव ओळखू आलं. आडवं-उभं तीनदा वाचलं. राहण्याची आणि काम करण्याची परवानगी, समाधान. फोटो त्याचा, जन्मतारीख त्याची, आयटीआय त्याचं. माझं त्यात काहीच नाही, आणि माझ्या चाकणच्या पाच वर्षांवाचून तो निघाला नसता.

आईला फोन केला. ती रडली, मग म्हणली, "क्रोशात थंडी असंल. ज्योत्याला दिलेलं पांघरूण घेऊन जा."

२४ जुलै, गुरुवार

आकुर्डीला मॅडमच्या ऑफिससमोरून गाडी निघाली, मुंबईच्या विमानतळापर्यंत. सात जण होते, सगळ्यांच्या गळ्यात सारख्याच पिशव्या. मी पांघरूण घेऊन गेलो होतो. त्यानं घेतलं नाही. "तुला पाठवलं होतं आईनं."

मी ठरवून गेलो होतो. म्हणलं, "समा, ते पत्र..."

"मिळालं ना? बस."

"तसं नाही. ऐक तर."

"दादा," तो म्हणला, "पत्र्याच्या पेटीला एक तर कुलूप लावत जा, नाहीतर उघडी ठेव. नुसती कडी लावून ठेवू नको." आणि माझ्या पाया पडला, रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. मी त्याला उचलायच्या आत गाडीत जाऊन बसला.

पेटीचं मधेच काय काढलं त्यानं? इथं चोऱ्या होतात म्हणून सांगत असेल. पण आवाज तसा नव्हता. लोकलमध्ये सगळा रस्ता त्या पेटीचाच विचार करत आलो. आल्यावर पेटी उघडली. सहा मार्चचा पेपर अजून तसाच आहे.

३ ऑगस्ट, रविवार

समानं फोटो पाठवलाय. सपाट रान, मक्याचं शेत, लांब एक कारखाना. आपल्याकडच्यासारखंच आहे दादा, फक्त कुत्री भुंकत नाहीत, असं लिहिलंय. समुद्र तिथून चार-पाच तास लांब आहे म्हणे. सुट्टी मिळाली की बघणार.

मी फोटो मोठा करून बघत बसलो. पाणी कुठंच नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

माझ्या नावाचं खातं उघडलं. हेल्परचा पगार पहिल्यांदा त्यात जमा झाला. समाधानच्या खात्यातनं मी आज पाठवतोय त्याच्या दुप्पट पाठवत होतो. गावात आई पासबुक भरायला गेली की बँकवाला म्हणायचा, समाधाननं नाव काढलं. आई घरी येऊन ते समालाच सांगायची. तो गोठ्यात शेण काढत असायचा.

आज फोनवरनं पाठवायला बसलो. ओटीपी येणार म्हणलं, आणि सवयीनं समाला फोन लावायला गेलो. तेवढ्यात हातातलाच फोन वाजला. सहा आकडे माझ्याच फोनवर आले. दोनदा वाचले, कुणाला तरी सांगायचे असल्यासारखे.

आईला पासबुकात आता माझं नाव दिसेल. माझ्यापायी समाचा समुद्र गेला, हे तिला सांगितलेलं नाही. समालाही नाही. जमेल तेव्हा सांगीन, असं लिहिणार होतो, पण या वहीत मी असं पुष्कळ लिहिलंय.

पाठवणारा ज्योतीराम. रुपये चार हजार दोनशे.